टीबीच्या गोळ्या आणि माझी पदवी

बाबा चिखलीच्या बाजारात हमाल. सोयाबीनचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचे. मी दहावीत होते तेव्हा खोकल्यानं त्यांना घरी बसवलं. खाजगी डॉक्टर करून झाले, मायच्या कानातलं मोडलं, खोकला तसाच. मग धाकट्या भावाची शाळा चालू ठेवून मी माझी सोडली आणि मायसोबत बाजारात सांडलेलं धान्य चाळायला जाऊ लागले.

शेवटी सरकारी दवाखान्यात थुंकी तपासली. टीबी निघाला. गोळ्या फुकट मिळाल्या. बाबांना भूक लागू लागली, खोकला दबला. तेवढ्यात ऊन तापलं, तुरीची आवक वाढली, आणि बाबांनी गोळ्या बंद केल्या. उन्हाळ्यात औषध गरम पडतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

नर्सबाई घरी आल्या. "काऊन सोडल्या गोळ्या?"

"बाई, खोकला गेला ना. वरून ऊन, आतून गोळी. मले काय भट्टीत घालता?"

"मंग ताक प्या वरून. पण अर्ध्यात सोडल्या तर खोकला परत येईन, आन् मंग तो या गोळ्याईले जुमानत नाही."

मी म्हटलं, "बाबा, तुमी उभे राह्यले तरच मी शाळेत जाईन. गोळी गिळा, नाही तर मी उद्यापासून चाळणीले हात लावत नाही."

"पाहा, मास्तरीण झाली!"

"होईन. पह्यले गिळा."

गिळली. त्यानंतर रोज मी समोर बसायचे, तोंड उघडून दाखवायला लावायचे.

"मी काय लेकरू हाय काय व?"

"हाव. आ करा."

कोर्स पूर्ण झाला. बाबा पुन्हा पोती उचलू लागले, मी शाळेत परतले.

पुढे कॉलेजात अर्थशास्त्र घेतलं. दवाखान्यावरच्या पैशाला पुस्तकात खर्च म्हणतात. मला ते तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. त्या गोळ्यांवर बाबांनी पुढची कित्येक वर्षं कमाई केली, बाजारातला माल हलवला, दोन लेकरं शिकवली. अशी घरं गावोगाव उभी राहिली की देश वाढतो. दुसरी कुठली वाढ मी तरी पाहिली नाही.

बाबा बरे झाले. धाकट्या भावाची शाळा एक दिवसही सुटली नाही. आणि मी बी.ए. झाले, आमच्या घरातली पहिली.