चार टिनांचं छप्पर

संशय घेणं हा आमच्या घरात आईचा आणि माझा गुण. बाबा शिक्षक. शिक्का मारलेला कागद दिसला की त्यांचा भरवसा बसलाच. मी मात्र आजही कोणी विनाकारण गोड बोललं की आधी याला काय हवंय ते शोधते.

पिपरी मेघेला बाबांनी प्लॉट घेतला तेव्हा तिकडे शेतंच जास्त होती. मातीच्या जोडाईच्या, विटांच्या भिंती छतापर्यंत आल्या आणि नोटीस आली: सरकारी क्वार्टरसाठी जागा पाहिजे. सरकारचं मीठ खाणाऱ्या बाबांनी सरकारवरच दावा लावला. वर्ध्याच्या दिवाणी कोर्टानं ‘जैसे थे’चा हुकूम दिला. निकाल लागेपर्यंत सरकारनं पाडायचं नाही, आम्ही बांधायचं नाही. बाबांनी पेढे आणले. छताचं काय, असं आईनं विचारलं तर म्हणाले, निकाल लागू दे.

सरकारी वकिलाचा हेका एकच होता, की असल्या कामात दिवाणी कोर्टाला हात घालायचा अधिकारच नाही. त्यामुळे आमच्या घराबद्दल तिथं कोणी बोलतच नसे. भांडण चाललं होतं ते कोणाचा हात कुठवर पोचतो याचं, आणि तारखांवर तारखा पडत होत्या.

शेजारच्या प्लॉटवाल्यालाही तीच नोटीस होती. हायवेवर जाम गावच्या चौकात त्याचं टायरचं दुकान होतं. तो कोर्टाची पायरी चढलाच नाही. त्यानं सरळ स्लॅब टाकला, बायकोमुलं आणली, दारात तुळस लावली. त्याला कोणी हटकेना, याचा मला फार राग यायचा. तलाठ्याशी याचं संधान आहे, हे आई आणि मी ठरवूनच टाकलं.

पावसात आमच्या भिंती फुगायला लागल्या. मग आईनं हिंगणघाटहून आपल्या भावाकडून चार टिना मागवल्या आणि बाबा शाळेत असताना एका खोलीवर टाकून घेतल्या. खाली चूल मांडली, दूध उतू घातलं. भाड्याच्या खोलीतून सुटायचं, एवढंच तिला हवं होतं. बाबा आले, वर बघत राहिले. हे काही जैसे थे झालं नाही, एवढंच म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.

थोड्याच दिवसांत तहसीलचा माणूस आला. प्लॉट कोणता, हे त्यानं कोणाला विचारलं नाही. थेट आमच्या खोलीपाशी येऊन त्यानं मान वर केली. पुढच्या तारखेला कोर्टानं बाबांना तंबी दिली, आणि टिना उतरल्या. त्या उतरत असताना शेजारी कुंपणाशी दात कोरत उभा होता. आम्ही परत भाड्याच्या खोलीत गेलो आणि त्याच्याशी बोलणं टाकलं. संक्रांतीला त्याच्या बायकोनं तिळगूळ पाठवला, तो आईनं तसाच परत केला. चोराच्या मनात चांदणं, म्हणून पाठवला असणार, असं मी तेव्हा म्हटल्याचं आठवतं.

काही वर्षांनी वरच्या कोर्टाचा निकाल आला. सरकारी वकील बरोबर ठरला होता. खालच्या कोर्टाला अधिकारच नव्हता. म्हणजे जो हुकूम आम्ही जिवापाड पाळला, तो द्यायचाच हक्क त्या कोर्टाला नव्हता. सरकारनं तोवर लोक राहत असलेली घरं वगळली होती. शेजाऱ्याचं घर सुटलं. आमच्या भिंतींवर छप्पर नाही म्हणून ती मोकळी जागा ठरली, आणि गेली.

त्या संध्याकाळी आई शेजाऱ्याचा उद्धार करत होती. त्यानं चुगली केली नसती तर टिनाखाली आम्ही राहिलो असतो आणि घर वाचलं असतं. मीही तोंडाला येईल ते बोलून भर घालत होते. बाबा पायातल्या चपला न काढता पाटावर बसले होते.

“त्याले काऊन बोलता?” ते म्हणाले. “टिनांचं मीच आपल्या वकिलाले सांगतलं होतं. म्हटलं, जजसाहेबांच्या कानावर घाला. कोर्टाले अंधारात ठेवून कसं चालन?”

आईच्या हातातलं काम थांबलं.

“अन् मले ठेवलं इतकी वर्सं,” ती म्हणाली, “ते चाललं तुमाले?”