गाडीच्या पोटाखालचे पत्रे

लग्नाआधी मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला होता आणि जालन्याच्या एका वर्कशॉपमध्ये पत्राकाम करत होते. बुलढाण्यात सून म्हणून आले आणि ते सुटलं. नवरा बीबी गावच्या शाळेत शिक्षक. रोज गाडीनं ये-जा. गाडी जुनी. वेग वाढला की खालून वारा घुमायचा आणि स्टिअरिंग हातात हलकं पडायचं. मी एकदा सांगितलं, गाडीचं पोट उघडं आहे, पाइप आणि टाकीत वारा अडकतो. सपाट पत्रे लावले तर तो सरळ मागे निघून जाईल. ते हसले, पण नाही म्हणाले नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत अंगणात गाडी लोखंडी स्टँडवर चढवली. दुकानांच्या पाट्यांना वापरतात तो हलका अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आणला. आधी पुठ्ठ्याचे नमुने कापले, पाठीवर झोपून खालून लावून पाहिले. सायलेन्सरभोवती जागा मोकळी ठेवली. पुढच्या पत्र्याची कड मागच्या पत्र्याच्या खाली घेतली, म्हणजे सांध्यात वारा शिरणार नाही. सासूबाई ओट्यावर बसून फाटकाकडे बघत राहायच्या. कोणी आलं की सून अशी दिसू नये म्हणून मला गाडीखालून बाहेर बोलवायच्या.

मेहकरच्या रस्त्यावर गाडी पळवली तेव्हा घुमणं जवळजवळ थांबलं होतं. "फरक पडला बरं," नवरा म्हणाला. इतका आनंद मला लग्नानंतर झाला नव्हता.

पुढच्याच महिन्यात पुण्याहून दीर आले. जेवताना गाडीचा विषय निघाला आणि नवऱ्यानं सगळं रंगवून सांगितलं: पुठ्ठे कसे कापले, सांधे कसे जुळवले. 'मी' केलं म्हणून. दीर कौतुकानं ऐकत होते. मी पोळ्या वाढत होते. एकदा तरी नवरा माझ्याकडे बघेल असं वाटलं. बघितलं नाही.

पाहुणे गेल्यावर मी विचारलं.

"तुह्यं नाव सांगितलं असतं तर लोक मले हसले असते," ते म्हणाले. "अन् घरातल्या घरात काय हिशेब ठेवाचा?"

मग दिरांच्या ओळखीनं एका कॉलेजातून नवऱ्याला या पत्र्यांबद्दल मुलांसमोर बोलायला बोलावणं आलं. ते मोठ्या उत्साहानं माझ्यापुढे बसले, आता समजावून सांग म्हणाले. मी उठून स्वयंपाकघरात गेले. ते भाषण तिथेच राहिलं. दुसऱ्या दिवशी ते बसनं परगावी गेले, तेव्हा मी गाडी पुन्हा स्टँडवर घेतली आणि सगळे पत्रे उतरवले.

"काऊन काढले?" त्यांनी परत आल्यावर विचारलं.

"तुम्ही बनवले होते ना? मग बसवा तुम्हीच."

ते गाडी आणि पत्रे घेऊन गॅरेजवाल्याकडे गेले. त्यानं सांधे उलटे बसवले, मागच्या पत्र्याची कड खाली. खालून बघताच मला कळलं. मी सांगितलंही. ते तशीच गाडी घेऊन निघाले. राजूरच्या घाटापलीकडे सपाट रस्त्यावर वाऱ्यानं मधला पत्रा फाडून नेला. नशीब, मागून कोणी येत नव्हतं. उरलेले त्यांनी तिथेच काढून खड्ड्यात टाकले आणि घरी येऊन आईला सांगितलं, हिचं काम कच्चंच होतं.

तेवढं मात्र माझ्या नावावर राहिलं. सासूबाई अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.