आठ दहाची एसटी

माझा भाऊ सोमवारी वारला. बुधवारी आमचे शिकवणीचे सर भेटायला आले. त्यांच्या तोंडाला अजून तोच सुगंधी सुपारीचा वास होता, आणि मला अनसिंग गावातली शिकवणीची ती पत्र्याची खोली आठवली.

आम्ही जुळे, म्हणून एकाच बाकावर. फळ्यावर उदाहरण होतं : एसटी आठ ते साडेआठ केव्हाही येते, बरोबर आठ दहाला येण्याची संभाव्यता किती? सरांनी शून्य लिहिलं.

भाऊ उभा राहिला. "सर, हरेक क्षणाची शून्यच, त मंग एसटी येते कशी?"

"तुह्या बापाले इचार. तोच उभा राह्यते फाट्यावर एसटीले हात दाखवत." वर्ग खदखदून हसला. "शून्य समजत नाही त म्हशी राख!"

"बाप नाही, तुमी शिकवून राह्यले," भाऊ म्हणाला. सरांनी त्याला हाकलून दिलं. त्यानं गणित सोडलं ते कायमचं.

पुढे कॉलेजात मला उत्तर मिळालं. एका क्षणाला रुंदी नसते, म्हणून संभाव्यतेच्या आलेखात त्या क्षणापुरतं वक्राखाली क्षेत्रफळ उरत नाही. आठ दहा ते आठ अकरा असा थोडा वेळ धरला की संभाव्यता येते. सरांना एवढंही सांगता येत नव्हतं, म्हणून ते बापावर गेले.

"हुशार होता तुहा भाऊ," बुधवारी ते म्हणाले.

सर अजून शिकवणी घेतात. मी त्यांच्याशी बोलत नाही.