मधुकररावांचं नाव घेते

मागच्या लग्नसराईत रेवसपासून तळा गावापर्यंत सगळ्यात जास्त बायकांनी ज्या पुरुषाचं नाव घेतलं, तो पुरुष मी आहे. माझी स्वतःची बायको त्यातली फक्त एक.

गैरसमज नको, म्हणून मुळापासून सांगतो. मी लेखक आहे. (आमच्या किहीममध्ये हे वाक्य उच्चारलं की समोरचा हमखास विचारतो, "ते ठीक, पण करता काय?") माझे कथासंग्रह निघाले आहेत आणि प्रकाशक मानधनाच्या जागी पुस्तकंच पाठवतो. ती आमच्या पलंगाखाली इतकी साठली, की पलंगाचे पाय जमिनीला टेकेनासे झाले. अशातच मी कुठेसं वाचलं, की हल्लीच्या लेखकाने डिजिटल वस्तू विकाव्यात. एकदा तयार करायची आणि जन्मभर विकत राहायचं! छपाई नाही, गोदाम नाही, पलंग नाही!

आधी ई-बुक काढलं. नातेवाइकांच्या ग्रुपवर जाहिरात टाकताच भराभर अंगठे आले आणि पाठोपाठ मोठ्या साडूंचा मेसेज, "छान! पीडीएफ इथेच टाका, म्हणजे सगळ्यांना वाचता येईल." मग माझ्याच आवाजात कथा रेकॉर्ड करायला बसलो. नायिका शेवटचा श्वास घेत होती, तेवढ्यात दारात मासळीवाली ओरडली, "बोंबील घ्या, ताजं हाय!" आणि नायिका गेल्याचं सांगायच्या ऐवजी मी म्हणालो, "कसे दिले?" (रेकॉर्डिंगमध्ये अगदी स्पष्ट ऐकू येतं.)

शेवटी बायकोनेच, सुलभाने, डोकं चालवलं. "अहो, तुमच्या कथांवाचून कुणाचं अडलंय? बायकांचं अडतं ते उखाण्यावाचून. हळदीला जा, डोहाळजेवणाला जा, जिथे तिथे 'नाव घे, नाव घे'! ते लिहा."

माझ्यातल्या साहित्यिकाला हे फार लागलं. संध्याकाळपर्यंत लागलं, मग मी लिहायला बसलो. 'सागरी उखाणे' तयार झाले. वाचायला पीडीएफ आणि पाठ करायला सुलभाच्या आवाजातला ऑडिओ. नवऱ्याच्या नावाच्या जागी मी टिंबं दिली होती. सुलभाने पहिलं रेकॉर्डिंग ऐकवलं:

"किनाऱ्यावर लाटा येती, वाळूवर उमटे नक्षी,
मधुकररावांचं नाव घेते, अरबी समुद्र साक्षी!"

"अगं, तिथे टिंबं आहेत!"

"टिंबं म्हणून कशी दाखवू? काहीतरी नाव घ्यायलाच हवं ना!"

"मग रमेश घे, सुरेश घे."

"इश्श! परक्या पुरुषाचं नाव मी कशाला घेऊ?"

मला अगदी भरून आलं. त्या भरात मी पीडीएफमधली टिंबंही काढली आणि सगळीकडे मधुकरराव बसवले. पहिल्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात सूचना टाकली, 'मधुकरराव या जागी आपापल्या पतीचे नाव घालावे.' पानाच्या तळाशी असलेल्या सूचना लोक किती आवडीने वाचतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं!

उखाणे तुफान खपले. फोन सारखा टिंग टिंग वाजायला लागला. तळ्याहून एका बाईंनी विचारलं, "आमच्याकडून समुद्र दिसत नाही. डोंगर साक्षी चालेल का?" मी मोठ्या मनाने परवानगी दिली. आपण लेखक म्हणून जन्माला आलो याचं सार्थक झालं, असंच मला वाटत होतं.

त्याच सुमारास माझ्या भाचीचं, पल्लवीचं लग्न ठरलं. मुलगा रेवसकडचा, निनाद. घरच्या मच्छीमार बोटी, माणसं मोकळी. फक्त निनादची आजी कडक! तिने आधीच सांगून ठेवलं होतं, "पोर शिकल्याली हाय, बोलाया चुरूचुरू, पन रीतभात येते का बघू. दारात नाव घेतल्याबिगर माप ओलांडू द्यायची न्हाय. आनि मोबाइलात बघून न्हाय, तोंडपाठ!"

अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याकडे आली. "मधू, पोरीचा त्या घरातला पहिला दिवस. तेव्हा हसं झालं तर ते तिला जन्मभर ऐकावं लागेल. एखादा भारी उखाणा दे रे."

मी सगळाच्या सगळा पॅक दिला, तोही फुकट! पल्लवी कानात इअरफोन घालून, डोळे मिटून मामीच्या आवाजातले उखाणे घोकायला लागली. मामाच्या साहित्यावर इतकी मेहनत घेणारी ती खानदानातली पहिलीच व्यक्ती. मी कौतुकाने बघत राहिलो.

अक्काच्या अंगणात हळद लागली. शेजारची काकी उठली आणि म्हणाली, "किनाऱ्यावर लाटा येती..." टाळ्या! मग वरच्या आळीतली एक उठली. "किनाऱ्यावर लाटा येती..." तिसऱ्या बाईने तोंड उघडायच्या आत अख्खा मांडव ओरडला, "अरबी समुद्र साक्षी!" आणि पुढे ज्या ज्या बाईने नाव घेतलं, तिच्याकडून नक्षी आणि साक्षीच निघाली. एकदा तयार करून जन्मभर विकायची वस्तू सगळ्या गिऱ्हाइकांनी एकाच मांडवात आणली, तर काय होतं हे त्या सल्ला देणाऱ्याने कुठे लिहिलंच नव्हतं!

"बघ, याला म्हणतात वाचकवर्ग!" मी सुलभाला म्हणालो.

तेवढ्यात तळ्याची चुलतवहिनी उठली. मुरकत म्हणाली, "...मधुकररावांचं नाव घेते, तळ्याचा डोंगर साक्षी!"

तिचे यजमान सुधाकरदादा माझ्या शेजारीच जेवत होते. त्यांचा घास हवेत थांबला. "हा मधुकर कोण गं?" आणि मग, फार सावकाश, त्यांनी माझ्याकडे मान वळवली. मी पाणी आणायला म्हणून उठलो आणि पंगत आटपेपर्यंत पाणीच शोधत राहिलो.

पिंपाच्या आडोशाला उभा असताना माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पल्लवीनेही हेच घोकलंय! नावासकट!

दुसऱ्या दिवशी मामा म्हणून तिला बोहल्यावर न्यायचं काम माझं. तेवढ्या वाटेत मी कुजबुजलो, "पल्लवी, ऐक. नाव बदल!"

ती जागीच थांबली. "मामा, मी नाव बदलणार नाहीये. निनादशी बोलणं झालंय. तूसुद्धा असल्या जुन्या विचारांचा असशील असं वाटलं नव्हतं!"

"अगं तसं नाही..."

पण मंगलाष्टका सुरू झाल्या. त्यानंतर फोटोग्राफरने तिचा जो ताबा घेतला, तो पाठवणीपर्यंत सोडला नाही. मी मनाला समजावलं, पोरगी हुशार आहे, ऐन वेळी स्वतःच्या नवऱ्याचं नाव तरी आठवेलच की!

रेवसला पोचलो. मी आणि सुलभा सोबत गेलो होतो. उंबऱ्यावर तांदळाचं माप, दारात हात आडवे करून उभी असलेली नणंद आणि बाजूला खुर्चीत आजी. गाव गोळा झालेला. माझ्या हातात लाडवांची टोपली होती आणि लाडू आतल्या आत थरथरत होते.

"घे नाव!" आजी म्हणाली.

पल्लवीने डोळे मिटले. हुबेहूब मामीच्या सुरात, मामीने घेतला होता तिथेच श्वास घेऊन तिने म्हटलं, "किनाऱ्यावर लाटा येती, वाळूवर उमटे नक्षी, मधुकररावांचं नाव घेते, अरबी समुद्र साक्षी!"

निनादने आधी समुद्राकडे बघितलं, मग पल्लवीकडे.

"कोन गं ह्यो मधुकर?" आजीने विचारलं.

पल्लवीला आपण काय बोललो ते कळलं आणि तिला रडूच फुटलं. "मामा!"

"मामाचं नाव घेतलंस?" आजी कडाडली.

गावाने मान वळवली. मी टोपलीमागे मावायचा प्रयत्न केला. शेवटी सुलभा ठामपणे पुढे झाली. "आजी, मधुकरराव माझे आहेत."

"तुजं हाय, मंग तिनं कशाला घेतलं?"

"ह्यांनीच दिलं तिला. बाकीच्यांना विकतात."

"सोताचं नाव विकतो?" आजी खुर्चीतून अर्धी उठली.

"अहो आजी, खाली सूचना आहे!" मी ओरडलो. सगळ्यांनी खाली जमिनीकडे बघितलं.

तेवढ्यात निनादची आई पदर सावरत हळूच म्हणाली, "सासूबाय, काल हळदीला मी बी त्योच उखाना घेतला. डीजेच्या आवाजात कुनाला कळलं न्हाय." निनादचे वडील गर्रकन वळले. दारातल्या नणंदेनेही हात खाली घेतले आणि ती छताकडे बघायला लागली. म्हणजे हे घरही माझं गिऱ्हाईक होतं!

एरवी मी नाचलो असतो. पण पल्लवीचं काजळ गालावर आलं होतं, आणि ज्या दारात तिचं हसं होऊ नये म्हणून अक्काने माझ्याकडे पदर पसरला होता, त्याच दारात मी तिला रडवलं होतं. मला स्वतःची मनापासून लाज वाटली.

आजीने पल्लवीकडे निरखून बघितलं. "त्या मधुकराला ऱ्हाऊ दे. तुजं सोताचं कायतरी येतं का?"

पल्लवीने नाक पुसलं. मग निनादकडे बघून म्हणाली,

"दारात उभं राहून दुखायला लागले पाय,
निनादचं नाव घेते, आत घेता की न्हाय?"

पहिली हसली ती आजी. बोळक्या तोंडाने, खुर्चीचे हात आपटत हसली! मग सगळं गाव. निनादने तर उडीच मारली. आजी स्वतः उठली, नणंदेला बाजूला सारलं आणि म्हणाली, "ये गं माजे बाय, ये!" माप लवंडलं, तांदूळ घरभर पसरले आणि माझा जीव भांड्यात पडला. डोळ्यांत पाणी आलं ते बरंचसं आनंदाचं होतं. (थोडं मत्सराचं. ना लाटा, ना नक्षी, आणि माझ्या आजवरच्या सगळ्या साहित्याला मिळून एवढ्या टाळ्या पडल्या नसतील!)

निघताना आजीने मला हाक मारली. हातात जुन्या कॅलेंडरचं पान होतं.

"पावनं, तू लेखक हाईस न्हवं? पोरीचा उखाना यावर लिवून दे. बायांना दाखवाया पायजे."

वाचकाने स्वतःहून माझ्याकडे काही लिहून मागायची ही पहिलीच वेळ. मी खुर्ची ओढून बसलो आणि मोठ्या टपोऱ्या अक्षरात दोन्ही ओळी लिहिल्या. सवयीने खाली सही करायला गेलो, तर 'म' काढतो न काढतो तोच आजीने माझं मनगट धरलं.

"तुजं नाव नको घालू रं बाबा!"

मी पेनाला टोपण लावलं. इतकं नेमकं परीक्षण माझ्या एकाही पुस्तकाला मिळालेलं नाही.