ठिणगी काढा, मग बोला

आमच्या प्रयोगशाळेत ताईंना मागून सगळे ‘नाही-ताई’ म्हणतात. तोंडावर म्हणायची छाती कुणाला नाही. माझी तर बरगडीही थरथरते. पंधरा वर्षं त्यांचं एकच काम: भट्टीत द्रवरूप अमोनिया फवारला तर कसा जळेल, ते आधी कॉम्प्युटरवर जाळून बघायचं. मी त्यांच्या हाताखालचा, गावच्या शाळेतला. मला वाटायचं, जाळायला काडी लागते, गणित कशाला?

लागतं, कारण अमोनिया मुलखाचा थंड. थेंबांची वाफ होताना तो भोवतालची उष्णता ओढून घेतो, आणि घुसळणाऱ्या हवेत ज्योत गारठून विझते. म्हणून गणितात सुरुवातीला एक ठिणगी ठेवतात. ज्योतीने जीव धरला की ती काढायची. मी काढायला विसरलो. पडद्यावर ज्योत नवरीसारखी नटली, साहेब खूश झाले आणि सोमवारी खऱ्या भट्टीत चाचणी ठरली.

सही करण्याआधी ताईंनी फाईल उघडली.

“ठिणगी चालूच आहे की रे! पोर चालतंय म्हणतोस, आणि बगलेत हात घालून तूच उचललंयस.”

त्यांनी ठिणगी काढली. ज्योत क्षणात विझली.

“खऱ्या भट्टीत धरेल हो,” साहेब म्हणाले. “पाहुणे यायचेत. सही करा.”

“नाही. ज्योत विझली तर न जळलेला अमोनिया भट्टीच्या शेडभर पसरेल. तिथे मामा उभे असतात.”

मामा म्हणजे आमचे फिटर. अमोनियाचा व्हॉल्व्ह त्यांच्या हातात.

“मग या प्रकल्पावर तुम्ही नसाल.”

“नसेन. सहीही नसेल.”

ताई तडक शेडमध्ये गेल्या. मी शेपटासारखा मागे. पडद्यावरची चित्रं छापून त्यांनी मामांपुढे टाकली.

“सगळं काळंच दिसतंय,” मामा म्हणाले.

“तेच दाखवायचंय. विझलीय.”

“आणि ठिणगी विसरलेला दिवटा कोण?”

मी एक पाना मन लावून पुसू लागलो.

सोमवारी पाहुण्यांदेखत साहेब म्हणाले, “मामा, सोडा.”

मामांनी हाताची घडी घातली. “ताईंची सही दाखवा, सोडतो. फुप्फुसाचा स्पेअर पार्ट स्टोअरमध्ये मिळत नाही.”

साहेबांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. पाहुण्यांना थंड भट्टी बघून परतावं लागलं.

मी वर प्रयोगशाळेत गेलो. हवा आधी किती तापवली तर ज्योत आपल्या पायावर उभी राहील, याचं नवं गणित ताई लावत होत्या. त्यांना प्रकल्पावरून काढून टाकल्याचा कागद शेजारीच पडला होता.

“ताई, तुम्ही आता या कामावर नाही ना?”

“असं तो कागद म्हणतो. तू हवेचं तापमान वाच. मोठ्याने.”