मशीननं अंगठा घेतला त्या दिवशी

त्या दिवशी सकाळी वहिनीचा फोन आला आणि पहिलंच वाक्य काय, तर "घेतला गं बाई, घेतला! पहिल्या फटक्यात घेतला!" मी गॅसपाशी उभी होते, मला कळेना हिनं काय घेतलं. मग म्हणाली, "अगं, मशीननं माझा अंगठा घेतला. हिरवा दिवा लागला. वॉचमन बघतच राहिला."

मी म्हटलं, "मग आज पार्टी दे."

"तुला कशाला? त्या मलमाच्या डबीला देते, केलंय तिनं सगळं." असं म्हणून हसली. हसताना धाप लागत होती तिला. "जाते गं, मुकादम बघतोय," म्हणाली आणि फोन ठेवला.

दुपारी ती कामावर, चादरींच्या घड्या घालायच्या टेबलापाशी पडली. दुसरा दिवस उजाडायच्या आत गेली.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. माझं लग्न मोडल्यावर मी परत आले तेव्हापासून आम्ही दोघी एकाच खोलीत निजायचो, दादा आणि आई बाहेरच्या खोलीत. नणंद-भावजय म्हणजे विळ्या-भोपळ्याचं नातं म्हणतात. आमच्यात विळी कोण आणि भोपळा कोण हे रोज बदलायचं, एवढंच.

तिची कातडी जन्मापासून कोरडी. नडगीवर नखानं रेघ ओढली तर पाटीवर पेन्सिलीनं ओढावी तशी पांढरी उमटायची. आणि नाजूक इतकी की दुसऱ्याचा साबण लावला तरी अंगावर चट्टे. अशा बाईला काम कुठलं मिळालं, तर हॉटेलांच्या चादरी आणि टॉवेल धुण्याच्या लाँड्रीत. दिवसभर कढत पाणी, डाग घालवायची पावडर, वर इस्त्रीची वाफ. आधीच उल्हास त्यात फाल्गुन मास. पण दादाची पाठ गेल्यापासून तो घरीच, मी दोन घरची भांडी घासते, त्यात घर कुठे चालतं? चालवत होती ती तीच.

मागे एकदा हातातून रक्त यायला लागलं तेव्हा कातडीच्या डॉक्टरबाईंनी तिला सगळं सांगितलं, आणि तिनं ते असं धरून ठेवलं की विचारू नका. अंघोळ कोमट पाण्याची आणि झटपट. पाणी आधी कोपरावर घेऊन बघायची, बाळाच्या अंघोळीला बघतात तसं. साबण बिनवासाचा, तोही काखेत आणि पायांना, बाकी अंगाला नुसतं पाणी. टॉवेल चोळायचा नाही, टिपायचा. आणि अंग ओलसर आहे तोवरच मलम लावायचं, सुकल्यावर लावून उपयोग नाही. "पाणी आत कोंडायचं असतं गं, दार लावल्यासारखं," मला सांगायची. मलम म्हणजे तरी काय, साधं बिनरंगाचं, दुकानात सगळ्यात खालच्या फळीवर असतं ते. झोपताना हातांना जाड थर, आणि वरून दादाचे जुने सुती मोजे. कुणी नवीन काही आणून दिलं तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून दोन-तीन दिवस वाट बघायची. मी एकदा वासाची क्रीम आणली हौसेनं, तर म्हणाली, "तूच लाव, तुझी कातडी म्हशीची." मी रुसले. मग तिनंच ती माझ्या टाचांना लावून दिली.

हे तिचं चालू झालं की आई म्हणायची, "एवढं मलम दाराच्या बिजागऱ्यांना लावलंस तर घरातली कुरकुर तरी थांबेल."

वहिनी मोजे चढवत म्हणायची, "आई, बिजागरी कुठे कुरकुरते? तुम्हीच की!" आणि आई सगळ्यांत जास्त हसायची.

फरक पडला खरंच. चट्टे गेले, खाज गेली, रात्री झोप लागायला लागली तिला. हात तेवढे राहिले. हातांना दिवसभर तेच पाणी, मलम तरी किती पुरं पडणार?

मग लाँड्रीत ते अंगठ्याचं मशीन आलं. गेटवर अंगठा लावायचा, मशीननं घेतला तरच गेट उघडणार, आणि आत गेला तोच हजर. वहिनीच्या अंगठ्यावर रेषाच राहिल्या नव्हत्या, पावडरीनं घासून घासून पुसट झालेल्या. वर भेगा. मशीन लाल दिवा दाखवायचं. वॉचमन म्हणायचा, "केसांत फिरवा, तेल लागू द्या." ती केसांत फिरवायची, नाकाला घासायची, फुंकर मारायची. मागे रांग थांबलेली. बायका ओरडायच्या, "अगं, लग्न लावतेस का मशीनशी?" कधी दहाव्या वेळेला घ्यायचं, कधी भोंगा व्हायचा तरी नाही. मग खाडा. ती वॉचमनला म्हणायची, "भाऊ, मला रोज बघता तुम्ही, उघडा ना." तो म्हणायचा, "बाई, माझ्या हातात काही नाही. सगळं मशीनच्या हातात."

मुकादमानं शेवटी सांगून टाकलं, "महिनाअखेरपर्यंत अंगठा लागायला लागला तर ठीक. नाहीतर मी दुसरी बाई बघतो."

घरी येऊन ती रडली नाही. डबी काढली आणि म्हणाली, "बघतेच आता." त्या दिवसापासून आल्या आल्या हात कोमट पाण्यात, टिपायचे, मलम, मोजे. जेवण झालं की पुन्हा. घरात मोजे हातातून निघेचनात. दादा म्हणायचा, "पाय सोडून हातावर चालणार आहेस का आता?" भांडी, कपडे, सगळं मी करायचे, तिला पाण्याला हात लावू द्यायचे नाही. आम्हाला सगळ्यांना एकच झालं होतं, अंगठा लागला पाहिजे.

त्यातच अंगठ्याच्या मुळाशी एक भेग खोल गेली आणि तीत पू झाला. ते तिनं कुणाला दाखवलं नाही. ताप आला तर म्हणाली, "सर्दीचा आहे," गोळी घेतली आणि गेली कामाला. रजा घेतली असती तर तोही खाडाच. हात दिसायचा कुठे? कामावर नव्यानंच घेतलेले रबरी हातमोजे, घरी सुती मोजे.

ती पडली त्या दुपारी दवाखान्यात नर्सनं हातमोजा काढून बाही वर केली तेव्हा दादानं आणि मी पहिल्यांदा बघितलं. अंगठा दुप्पट सुजलेला, चकचकीत. तिथून लाल रेघ निघाली होती ती कोपराच्या वर गेलेली. डॉक्टर म्हणाले, विष रक्तात उतरलंय. दादानं त्यांना विचारलं, "पण साहेब, सकाळीच मशीननं अंगठा घेतला हो." म्हणजे बरा झालाय असं त्याला म्हणायचं होतं. डॉक्टरांनी मशीन कुठलं ते विचारून घेतलं आणि म्हणाले, "सुजेनं कातडी ताणली असेल. रेषा वर आल्या असतील." दादा मान हलवत राहिला. त्याला कळलं की नाही मला माहीत नाही.

वहिनी मधे एकदा शुद्धीवर आली. मला म्हणाली, "उद्या पण घेईल ना गं?" मी म्हटलं, "घेईल."

ती गेल्यावर आठवड्यानं लाँड्रीतून निरोप आला, त्यांचं कपाट रिकामं करून न्या. दवाखान्याच्या धावपळीनंतर दादाला जिने उतरवेनात, म्हणून मी गेले. गेटवर वॉचमन म्हणाला, "बाहेरच्यांनाही आधी अंगठा नोंदवावा लागतो." मी लावला. लाल दिवा. माझेही हात भांड्यांचेच. पुसून लावला, लाल. मी केसांत फिरवायला हात वर नेला, आणि तो माझ्याकडे बघायला लागला. म्हणाला, "तुम्ही त्यांच्या कोण?"

मी म्हटलं, "नणंद."

तो खुर्चीतल्या खुर्चीत वाकला, टेबलाखाली हात घातला. तिथं एक बटण होतं. ते दाबलं आणि गेट उघडलं.