नणंदेची हाळी

लेकीला नवं यकृत बसलं, ते चालूही लागलं, आणि आम्ही सुटलो म्हणून देवाला हात जोडले. जरा घाईच झाली. पोटावरची चीर दुखेल म्हणून पोरगी खोकायचीच नाही, श्वास नुसता वरवर घ्यायची. कफ साचला आणि उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग मिटला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, तो उघडला नाही तर पुन्हा श्वासाच्या मशीनवर ठेवावं लागेल.

श्वासाचे व्यायाम घ्यायला एक बाई यायच्या. त्यांनी फुगे आणले, पिसं आणली. लेक तोंड फिरवून पडून राहायची. हट्टाच्या बाबतीत ती माझ्यावर गेली आहे. शेवटी बाईंनी विचारलं, "घरी हिला काय खेळायला आवडतं?"

मासळी विकायला! माझी नणंद रेवसला धक्क्यावर मासळी घेते आणि गावातून विकत फिरते. सुट्टीत ही कायम तिच्या मागे, आणि हाळी आत्यापेक्षा मोठी. यकृताचा तुकडाही या आत्यानंच दिलेला. ती त्याच इस्पितळात वरच्या मजल्यावर पोट धरून बसली होती.

बाई हसल्या. "हाळी द्यायची तर छाती भरून श्वास घ्यावाच लागतो. त्यांना आणूया."

नणंदेला मास्क लावून चाकाच्या खुर्चीवरून आणलं. टाक्यांना आधार म्हणून तिनं एक उशी स्वतःच्या पोटाशी धरली, एक भाचीला धरायला लावली.

"बग गो, गिऱ्हाईक पार वरच्या घरान हाय. तिला आयकू जायला पायजे." आणि ओरडली, "मावरा घ्या गो, मावराऽऽ!"

लेकीचा आवाज जेमतेम फुटला.

"या आवाजाला मांजर पन येनार न्हाय," आत्यानं चिडवलं.

मग मात्र पोरीनं छाती भरून घेतली. हाळी अर्ध्यातच खोकल्यात बुडाली आणि कफ सुटला. बाईंनी टाळी वाजवली.

"आत्या, अजून एकदा!"

नणंदेचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी नको म्हणून हात केला. तिनं तो बाजूला सारला आणि पुन्हा श्वास घेतला.

औषधांनी, त्या बाईंनी आणि रोजच्या हाळ्यांनी फुप्फुस हळूहळू उघडलं. आज लेक घर डोक्यावर घेते आणि मला ते गोड लागतं. यकृत दिलं म्हणून सगळा गाव नणंदेचं कौतुक करतो, आणि ते खरंच आहे. पण तो तुकडा तिनं भुलीखाली दिला होता. हाळ्या दिल्या त्या पूर्ण शुद्धीत.